डाव्या खांद्याच्या बाजूला

१

अनंतरावांनी गॅलरीचं नवं ग्रिल नापास केलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

अनंतराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस होते. नखाएवढे पितळी भाग भिंगाखाली धरायचे आणि केसाएवढी चीर दिसली तरी बाजूला टाकायचे, हे काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत डोळ्यांत तेल घालून केलं. निवृत्तीनंतर भिंग सुटलं, सवय मात्र सुटली नाही. पोळीचा काठ, भाजीवाल्याचा तराजू, नातीच्या चपलेचा अंगठा, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं आणि बहुतेक नापासच व्हायचं. त्यामुळे त्यांनी ग्रिलवाल्याला दोनदा परत बोलावून मधले गज वाकडे असल्याचं सुनावलं, तेव्हा कोथरूडच्या त्या सोसायटीत कुणालाच नवल वाटलं नाही. तिसऱ्या खेपेला तो माणूस ओळंबा घेऊन आला. त्यानं ओळंबा गजाला लावून दाखवला. गज सरळ होता. अनंतरावांनी नीट निरखून सांगितलं, की ओळंब्याची दोरीसुद्धा वाकडी आहे.

त्यांच्या पत्नी सत्यशीलाबाई दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. एरवी त्यांनी दोन टोमणे मारले असते. त्या दिवशी त्यांनी मुकाट्यानं ग्रिलवाल्याला चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तरुण होता, बोलायला गोड होता. त्यानं संगणकाच्या पडद्यावर अनंतरावांच्या डोळ्याच्या आतला फोटो दाखवला. वय झालं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो, म्हणाला. सरळ रेघा वाकड्या दिसतात, मग मधोमध एक डाग येतो, आणि ज्याच्याकडे थेट बघावं नेमकं तेच नाहीसं होतं. चहूबाजूंचं मात्र दिसत राहतं. पूर्ण आंधळेपण येणार नाही, पण गेलेलं परत येईल असं औषधही या प्रकाराला नाही. त्यानं गोळ्या लिहून दिल्या आणि फ्रिजवर लावायला चौकड्यांचा एक कागद दिला. रोज एकेक डोळा झाकून कागदाकडे बघायचं, रेघा आणखी वाकल्या तर लगेच यायचं.

आलाच आहात तर म्हणून त्यानं सत्यशीलाबाईंचेही डोळे तपासले. थोडासा मोतीबिंदू, वयोमानाप्रमाणे, बाकी पडदा अगदी स्वच्छ आहे, असं तो म्हणाला. बाईंना मनातून बरं वाटलं. एवढ्या संसारात त्या पास आणि अनंतराव नापास, असं पहिल्यांदाच घडत होतं.

निघताना डॉक्टरनं अनंतरावांना एक युक्ती शिकवली. कुणाचा चेहरा बघायचा असेल तर चेहऱ्याकडे बघू नका, जरा बाजूला बघा, मग चेहरा कडेच्या नजरेत येतो. अनंतरावांनी लगेच बायकोवर प्रयोग सुरू केला. नजर वर नेली, खाली आणली, इकडून तिकडे फिरवली. बाईंच्या डाव्या खांद्याच्या बाजूला, वीतभर अंतरावर, ती थांबली. मग त्यांचा चेहरा उजळला.

"दिसलीस," ते म्हणाले.

२

सत्यशीलाबाईंकडे त्यांच्या नवऱ्यानं कधी नीट बघितलंच नव्हतं, हे इथं सांगायला हवं.

ते मुलगी बघायला आले, तेव्हा त्यांनी पोह्यांची बशी हातात घेतली, बशीच्या काठाला टवका उडालेला पाहिला, आणि "ही बशी बदला, ओठ कापेल," एवढंच बोलले. होकार पोस्टानं आला. लग्नानंतर बाईंनी नवी साडी नेसली की त्यांना काठाचा सुटलेला दोरा दिसायचा. दिग्विजय झाला तेव्हा त्यांनी बाळाची बोटं मोजली, नाळ तपासली आणि समाधानानं बाहेर गेले. माणूस वाईट नव्हता. कधी हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. पण सत्यशीलाबाईंना तरुणपणी त्या पितळी तुकड्यांचा हेवा वाटायचा. दिवसच्या दिवस ते अनंतरावांच्या नजरेखाली असायचे. हे बोलून दाखवलं तर लोक हसतील म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. आपल्याकडे नवऱ्यानं एकदा तरी डोळे भरून बघावं, एवढी एकच इच्छा त्यांनी उराशी बाळगली होती आणि वय झाल्यावर तीही सोडून दिली होती.

आणि आता अनंतराव बघू लागले होते.

सकाळचा चहा दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी घ्यायची. पूर्वी या वेळी मधे वर्तमानपत्र असायचं. आता वाचता येत नव्हतं, म्हणून ते समोर बघत बसायचे. चहा संपेपर्यंत बघायचे, मधूनच हसायचे. एकदा तर त्यांनी आपल्या कपातला चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी पुढे केली. असं त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं. बाई लाजल्या. या वयात लाजल्या, म्हणून स्वतःवरच चिडल्या. आणि मग त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की अनंतराव त्यांच्याकडे बघून हसतच नव्हते. ते त्यांच्या डाव्या खांद्याच्या बाजूला बघत होते, फ्रिज आणि दाराच्या मधल्या मोकळ्या जागेकडे.

का ते बाईंना ठाऊक होतं. डॉक्टरनं त्यांच्यासमोरच सांगितलं होतं. तरीही चारचौघांत आपला माणूस आपल्याशी बोलता बोलता शेजारणीकडे बघून खुलावा, तसं त्यांना वाटलं. त्यांनी खुर्ची थोडी डावीकडे घेतली. अनंतरावांची नजरही तेवढीच सरकली आणि पुन्हा वीतभर अंतरावर थांबली. बाई उजवीकडे सरकल्या. नजर उजवीकडे आली, अंतर तेवढंच राहिलं. आपल्या खुर्चीला खुर्ची लावून कुणीतरी बसलंय आणि आपण सरकलो की तेही सरकतंय, असं त्यांना वाटून गेलं.

त्यांनी वळून बघितलं. फ्रिज होता आणि त्यावर चौकड्यांचा कागद. आपल्या डोक्यात काहीही येतं, असं म्हणून त्या कप विसळायला उठल्या.

३

दिग्विजय आणि त्याची बायको नोकरीमुळे नागपूरला होते. त्यांची मुलगी श्रद्धा आजी-आजोबांकडे राहून हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपनीत जायची. कर्वे पुतळ्यापाशी कंपनीची बस यायची आणि ती पकडायला श्रद्धा रोज पळायची. रविवारी मात्र ती निवांत असायची. अशाच एका रविवारी जेवताना अनंतराव तिला म्हणाले, की तुझ्या आजीला हसताना खळी पडते, डाव्या गालावर. इतकी वर्षं हे आपल्या नजरेतून सुटलं कसं, याचंच त्यांना आश्चर्य वाटत होतं.

"सो स्वीट, आजोबा," श्रद्धा म्हणाली. "आजी, हसून दाखव ना." मग आजीच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "पण नाहीये."

"आहे," अनंतराव म्हणाले. तपासनिसाचा आवाज होता तो, त्यावर अपील नसायचं.

सत्यशीलाबाईंनी बाथरूमच्या आरशासमोर हसून पाहिलं. गालाला सुरकुत्या पडल्या, खळी पडली नाही. ती त्यांना कधीच नव्हती. त्यांच्या आईला नव्हती, बहिणीला नव्हती, घरात कुणालाच नव्हती.

पुढच्या तपासणीला त्यांनी हे डॉक्टरच्या कानावर घातलं. डॉक्टर हसला. म्हणाला, असं होतं. मधला भाग रिकामा येतो, मग मेंदू तो स्वतःच्या मनानं भरून काढतो. कुणाला फुलांची नक्षी दिसते, कुणाला अनोळखी माणसं घरात वावरताना दिसतात. वेड नाही ते, अपायही काही नाही. बाईंनी विचारलं, की मेंदू हे भरायला आणतो कुठून. जुन्या आठवणीतून आणत असेल असं समजा, डॉक्टर म्हणाला आणि त्यानं पुढच्या पेशंटला आत बोलावलं. आपण कुठं काडी लावली, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक.

जुन्या आठवणीतून. म्हणजे खळीवाली कुणीतरी होती.

बाईंनी भाजी निवडता निवडता सगळ्या बायका नजरेखालून घातल्या. खडकीच्या क्वार्टर्समधली समोरची कमरजहां दिसायला सुरेख होती, पण तिला खळी नव्हती. अनंतरावांची आतेबहीण मुक्ताई गोरीपान होती, पण हसायचीच नाही. कारखान्यात बायका नव्हत्या. बाईंनी एकेकीला तपासलं आणि एकेकीला नापास केलं, आणि नवऱ्याची सवय आपल्यालाही लागली हे ध्यानात आल्यावर त्यांना आणखीच राग आला. या वयात सवत, आणि तीही अशी, की तिचं नावसुद्धा माहीत नाही. शेवटी एका दुपारी ताक देता देता त्यांनी विचारलंच.

"खळी कुणाला होती हो?"

"तुला," अनंतराव म्हणाले.

"मला नाही. कोण होती ते सांगून टाका. आता काही मी माहेरी जाणार नाही."

अनंतरावांना प्रश्न कळलाच नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. खोटं बोलायची कला त्यांना कधी साधली नव्हती.

"अगं, दुसरी कोण असणार? पूर्वी तू मला अशी दिसायची नाहीस, हे खरं. पण मी तरी कुठं बघत होतो? माझं चुकलंच ते. आता दिसतेस. बघत बसावंसं वाटतं."

जे शब्द ऐकायला सत्यशीलाबाईंनी जन्म काढला होता, ते हेच. आणि ते त्यांच्या डाव्या खांद्याच्या बाजूला बोलले गेले. आपलं पत्र शेजारच्या घरात पडावं आणि शेजारणीनं ते उघडून वाचावं, तसं झालं. बाईंनी ताकाचं भांडं आदळलं आणि त्या आत जाऊन पडल्या. जळफळाट म्हणजे काय, ते त्यांना त्या दुपारी कळलं.

४

श्रद्धा घाईत होती. तिनं फ्रिजमधून पाण्याची बाटली काढली आणि दाराकडे निघाली. वाटेत सत्यशीलाबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांच्या आणि फ्रिजच्या मधून जायला भरपूर जागा होती. तरी श्रद्धा तिरकी झाली, पोट आत घेतलं, बाटली छातीशी धरली आणि अंग चोरून पलीकडे गेली.

बाईंनी विचारलं, की अशी तिरकी का गेलीस. श्रद्धाला आठवेना. "कुठे तिरकी? आजी, बस जाईल माझी," म्हणून ती पळाली. तिच्या दृष्टीनं काही घडलंच नव्हतं. बाईंच्या हातातलं लाटणं मात्र थांबलं. डावा हात फ्रिजच्या दिशेला लांब करायचा, एवढंच करायचं होतं. म्हणजे तिथं हवा आहे हे हाताला कळलं असतं आणि विषय संपला असता. त्यांनी हात लांब केला नाही. पोळी करपली.

मग त्यांना राग आला, आणि रागानं त्यांना नेहमीच बळ यायचं. माझ्या स्वयंपाकघरात मीच घाबरायचं काय, असं म्हणत त्यांनी जेवणाच्या वेळी खुर्ची ओढून थेट भिंतीला टेकवली. डावा खांदा भिंतीला चिकटला. चुना गार लागला. आता वीतभर काय, बोटभरही जागा राहिली नव्हती. बसा म्हणावं आता कुठं बसायचं ते, असं त्या मनात म्हणाल्या. फार दिवसांनी त्यांना भूक लागली.

अनंतराव आले, चाचपडत बसले, मान वर केली. नजर सवयीनं फिरत फिरत आली आणि बाईंच्या खांद्याशेजारच्या भिंतीवर थांबली. त्यांचं हसू उमटता उमटता थबकलं. कपाळाला आठी पडली. ग्रिलकडे बघताना पडायची तीच.

"अगं, भिंतीत अशी अर्धी काय बसलीस?" ते म्हणाले. "बाहेर ये. तुला त्रास होत असेल."

बाई उठल्या नाहीत. उठायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण खांद्याला लागलेली भिंत आता मघासारखी गार नव्हती. उलट शेजारी माणूस दाटीनं बसलं की त्याच्या अंगाची ऊब लागते, तशी ऊब तिथून येत होती. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा गीझर असेल, असं बाईंच्या बुद्धीनं सांगितलं. बुद्धी अजून शाबूत होती. पण पायांनी तिचं ऐकलं नाही. बाई खुर्चीसकट उजवीकडे सरकल्या, चांगल्या हातभर.

"हं, आता बरोबर," अनंतराव म्हणाले आणि आमटी ओरपू लागले.

आपणच तिला जागा करून दिली, हे बाईंच्या ध्यानात आलं तेव्हा भात निवला होता.

५

अनंतरावांना ऐंशी पूर्ण होत होती. दिग्विजयनं नागपूरहून फोन करून सांगितलं, की बाबांचं सहस्रचंद्रदर्शन थाटात करायचं, सोसायटीचा हॉल घेऊन. ऐंशी वर्षांत माणसाला हजार पौर्णिमा बघायला मिळतात, म्हणून ही शांत करतात. अनंतरावांना आता चंद्र दिसत नव्हता, त्याच्या भोवतीचं आभाळ तेवढं दिसायचं. पण हे मुलाला फोनवर कोण सांगणार.

गुरुजी स्कूटरवरून आले, मोबाईल टेबलावर ठेवला आणि काय काय लागेल ते सांगू लागले. सत्यशीलाबाई निम्मं ऐकत होत्या. मग गुरुजींनी काशाच्या वाटीचं नाव काढलं आणि त्यांचे कान टवकारले. शांतीच्या शेवटी काशाच्या वाटीत पातळ केलेलं तूप घ्यायचं. यजमान आणि त्यांच्या पत्नीनं त्यात आपापला चेहरा बघायचा. मग ती वाटी तुपासकट दान द्यायची. तुपात ज्याचा चेहरा पडतो, त्याच्याबरोबरची पीडा वाटीतून घराबाहेर जाते.

"आणि पीडाच वाकून बघायला आली तर?" बाईंनी विचारलं.

गुरुजी हसले. म्हणाले, "काकू, मग तर सोपंच झालं. वाटीतून तीच जाईल."

गुरुजी थट्टा करत होते. सत्यशीलाबाईंनी ती थट्टा ठेवून घेतली. ज्या बाईनं दारावर लिंबू-मिरची बांधणाऱ्या शेजारणीची आयुष्यभर टर उडवली, ती आता तुपाच्या वाटीवर भरवसा ठेवत होती. आपण वेडगळपणा करतोय हे त्यांना समजत होतं. पण रोज सकाळी समोर बसून नवऱ्याचं ते हसू बघायचं, आणि ते आपल्याला लागू नये, हे त्यांना आता सोसवत नव्हतं. त्यांनी बेत आखला. पूजेत बायको नवऱ्याच्या उजव्या हाताला बसते, म्हणजे आपली डावी बाजू त्यांच्याकडे. दोन पाटांमध्ये बोट शिरायलाही जागा ठेवायची नाही. आणि वाटी समोर आली की आपण वाकायचं नाही. तिला वाकू दे. नवऱ्याच्या शेजारी आपलं तोंड बघायला मिळतंय म्हटल्यावर कुठली बाई मागं राहील?

६

हॉल पाहुण्यांनी भरला होता. बाईंनी हिरवी इरकली नेसली होती. पाट त्यांनी स्वतः मांडले, एकाला एक चिकटवून.

गुरुजी म्हणाले, "काकू, हाताला हात लावा." पूजा नवरा करतो आणि बायको त्याच्या हाताला बोटं लावून बसते, तेवढ्यानं निम्मं पुण्य तिचं होतं. बाईंनी अनंतरावांच्या कोपराला बोटं लावली. हात उबदार होता. दोघांचे खांदे एकमेकांना टेकले होते, मध्ये काही नव्हतं, कुणी नव्हतं. होमाचा धूर, बायकांची कुजबुज, आचाऱ्याच्या झाऱ्याचा आवाज, सगळं जिथल्या तिथं होतं. सत्यशीलाबाईंना इतकं हलकं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. धुरानं आलं, असं त्या श्रद्धाला म्हणाल्या.

मग वाटी आली. गुरुजींनी ती अनंतरावांपुढे धरली. ते वाकले, नजर वाटीच्या बाजूला नेली, आणि म्हणाले, की दिसलो, अगदीच म्हातारा झालोय की. लोक हसले. गुरुजी म्हणाले, "आता काकू."

बाई ताठ बसून राहिल्या. ठरल्याप्रमाणे. वाटी अनंतरावांच्या आणि त्यांच्या मध्ये होती आणि तूप संथ होतं. वाक, त्या मनात म्हणाल्या. बघ एकदा त्यांच्याशेजारी. आणि थोडा वेळ गेला तसं त्यांच्या मनात दुसरंच काहीतरी उठलं. इतके महिने ज्या चेहऱ्याकडे बघून आपला नवरा फुलतो, तो चेहरा आपण एकदा तरी बघायला नको? तिच्यात असं काय आहे, जे आपल्यात नव्हतं? ती गेल्यावर ते कधीच कळणार नाही. हेवा माणसाला स्वस्थ बसू देत नाही. सत्यशीलाबाईंनी दोन्ही हात टेकले आणि त्या वाकल्या.

तुपात अनंतराव होते, जरा धूसर. त्यांच्या शेजारी एक म्हातारी होती. मिटलेले ओठ, जाड चष्मा, कुंकू थोडं तिरकं. सत्यशीलाबाईच. तिसरं कुणी नव्हतं. बाईंनी पुन्हा पुन्हा बघितलं, खळी शोधली. नव्हती. फक्त तुपाच्या अगदी कडेला, वाटीच्या गोलाईत, गुलबक्षी रंगाचं काहीतरी हळूच मागं सरकलं. वाकायचं नाही, असं जिनं आधीच ठरवलं असावं, तसं.

"झालं," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी वाटीवर पान झाकलं.

थांबा, असं बाई म्हणाल्या. पण मंत्र मोठ्यानं चालले होते. वाटी एका हातातून दुसऱ्या हातात गेली, दुसऱ्या गुरुजींनी ती पिशवीत ठेवली, पिशवी खांद्याला लावली. पीडा कोण, हे बाईंनी ठरवून टाकलं होतं. तुपाला कुणी विचारलं नव्हतं. बाईंनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि एकमेकांत घट्ट धरले.

गुरुजींनी पुढची पळी अनंतरावांच्या हातात दिली, त्यांच्या कोपराकडे नजर टाकली, आणि समाधानानं मान हलवली.

"हं, काकू. हात असाच राहू द्या."

बाईंचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते.

पुढं औक्षण झालं, फोटो झाले, जिलब्यांची ताटं फिरली. पंगतीत वाढताना श्रद्धा सरळ चालत आली आणि आजीवर आदळली. पाणी सांडलं. "सॉरी आजी," ती म्हणाली, "खरंच दिसली नाहीस."

७

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रद्धा कामावर गेली, दुपारी दिग्विजयसकट सगळे पाहुणे गेले आणि घर रोजच्यासारखं झालं. सत्यशीलाबाईंनी चहा गॅलरीत नेला. अनंतराव वेताच्या खुर्चीत बसले होते. खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ग्रिलच्या गजांच्या सावल्या फरशीवर पडल्या होत्या, अगदी सरळ.

बाईंनी कप-बशी त्यांच्या हातात दिली आणि त्या समोर उभ्या राहिल्या. अनंतरावांनी मान वर केली. नजर फिरू लागली. डाव्या खांद्यापर्यंत गेली आणि परत निघाली. गळ्यावरून, हनुवटीवरून वर येत ती थेट बाईंच्या डोळ्यांत येऊन थांबली.

एवढ्या जवळून, एवढा वेळ ते डोळे बाईंनी कधी पाहिले नव्हते. बुबुळांभोवती म्हातारपणाची पांढुरकी कड आली होती, मधला रंग मात्र मधासारखा होता. हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं त्यांच्या मनात आलं. इतक्या वर्षांत नव्हतं माहीत. त्यांनी नकळत पदर सारखा केला. त्या क्षणी त्या सुखी होत्या. वाटी, तूप, खळी, सगळं विसरल्या. त्यांचा नवरा त्यांच्याकडे डोळे भरून बघत होता.

मग त्यांना डॉक्टरचं बोलणं आठवलं. ज्याच्याकडे थेट बघावं, नेमकं तेच नाहीसं होतं.

"दिसलीस," अनंतराव म्हणाले आणि हसले.

सत्यशीलाबाईंच्या उजव्या बाजूला, नजरेच्या अगदी कडेला, गुलबक्षी रंग होता. मान वळवली तर तो दिसणार नाही, एवढं त्यांना आता कळत होतं. त्यांचे डोळे चांगले होते, मधला भाग अगदी स्वच्छ होता. त्यांनी मान वळवली नाही. इतके महिने ज्या जागेचा दुस्वास केला, ती जागा कुणाच्या तरी डाव्या खांद्याच्या बाजूला होती, आणि आज तिथं त्या स्वतः उभ्या होत्या.

अनंतरावांनी चहा बशीत ओतला. फुंकर घातली. बशीच्या काठावरून अंगठा फिरवला, सावकाश, पूर्ण गोल. मग त्यांनी हात लांब करून बशी पुढे केली, सत्यशीलाबाईंच्या उजवीकडे.

"घे," ते म्हणाले. "टवका नाहीये. बघितलंय मी."

आणि त्यांनी बोटं सोडली.

सत्यशीलाबाई फरशीवर बशी फुटल्याच्या आवाजाची वाट बघत उभ्या राहिल्या.